आईच्या ताटातलं

४ नोव्हेंबर

ही वही हेमाली मॅडमनी दिली. दवाखान्यात ऑपरेशनवाल्यांचं खाणंपिणं त्या बघतात. बोलल्या, किशोरीताई, रोज लिहायचं. काय खाल्लं, किती खाल्लं, जळजळ कधी झाली. आणि पंधरा दिवसांनी फोटो काढून मोबाईलवर पाठवायचा. मी बोलली, मॅडम, माझी शाळा पाचवीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय ओढलेले. त्या हसल्या, बोलल्या कोंबडीचं पण चालेल, फक्त खोटं नको. तर खोटं न्हाय लिहिणार. बाकीचं पण लिहीन, कारण इथं बोलायला अजून कोण न्हाय.

आज आम्ही किहीमला राहायला आलो. शिवानीचे पप्पा, म्हणजे विनेश, त्यांना इथल्या चार कॉटेज बघायचं काम लागलंय. मुंबईच्या शेठच्या हायत. पाव्हणे मांडव्याला बोटीतून उतरले की ह्यांनी गाडीनं आणायचे, खोल्या उघडून द्यायच्या, नारळपाणी पाजायचं. आम्हाला मागं दोन खोल्या, माडांच्या खाली. माणगावला सासरचं घर हायवेला लागून. झोपेत पण कानात ट्रक चालायचे. इथं नुसता समुद्र, तो पण लांबून.

मी खूष हाय. ऑपरेशनला तीन महिने झाले. एकशे अठरा किलो होती, आता एक्याण्णव. बांगड्या कोपरापर्यंत जातात. आणि आज शिवानी पायरीवर माझ्या मांडीत बसली. पाच वर्षांची झाली, पण मांडीत पहिल्यांदा बसली. आधी मांडीच कुठं होती, पोटच गुडघ्यापर्यंत यायचं, पोर घसरून खाली जायची. आज बसली आणि बोलली, आई, तुझी खुर्ची झाली. ह्यांनी फोटो काढला.

खाल्लं: सकाळी उपाशीपोटी गोळी. पावडरचं दूध अर्धा कप. दुपारी मुगाचं वरण चार चमचे, मऊ भात दोन चमचे. संध्याकाळी दही तीन चमचे.
जळजळ: सामान उचलायला वाकली तेव्हा एकदा. आंबट पाणी घशाशी आलं. गिळलं.

६ नोव्हेंबर

ह्यांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन दोन चिरे लावून दिले. आडवं झोपलं की पोटातलं वर येतं, म्हणून उतारावर झोपायचं. सकाळी मी पायथ्याशी गोळा होऊन पडलेली असते. हे बोलतात, रात्री तुला बोरघाटात झोपवतो आणि सकाळी तू खोपोलीला सापडतेस.

डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. पोट म्हणजे मोठी पिशवी. तिचा मोठा भाग कापून काढला, उरलं ते केळ्याएवढं, त्याला उभी शिलाई. वाटीच्या वर जायचं न्हाय. जेवताना पाणी न्हाय. जेवल्यावर आडवं व्हायचं न्हाय. तिखट, चहा, टोमॅटो, सोलकढी बंद. सोलकढी बंद म्हटल्यावर मी रडली होती, खरंच. पण जळजळ आधी नव्हती. पिशवी बारीक झाली तशी ती वर यायला लागली. मॅडम बोलल्या काही जणांना येते.

ताट वाढताना माझा हात जुना हाय आणि पोट नवं. वाढते भाकरी-भात सवयीनं, खाते चार चमचे. उरलेलं टाकायचं कसं? माझी आय पेणकडं मिठागरावर कामाला होती. ताटात एक शीत राहिलं तर ती दुपारभर आमच्याशी बोलायची न्हाय. म्हणून मी उरलेलं शिवानीला भरवते. ही पोर म्हणजे बारा घरं फिरणार तेव्हा तीन घास खाणार. पण माझ्या ताटातलं, माझ्याच चमच्यानं दिलं तर गपागप खाते. आज सगळं पुसून खाल्लंन. मला केवढं बरं वाटलं. माझं पोट भरलं नसतं तेवढं तिच्याकडं बघून भरलं.

खाल्लं: दुपारी वरण-भात पाच चमचे, पडवळाची भाजी एक चमचा. संध्याकाळी अंड्याचा पांढरा भाग अर्धा.
जळजळ: दुपारी, केर काढताना. कपडे धुताना.

१० नोव्हेंबर

शेजार मिळाला. गोदूआजी. कोळीण हाय, सत्तरीची. नवरा गेला, लेकाची बोट हाय, ही घराच्या मागं बोंबील आणि सुकट वाळवते आणि कावळ्यांना शिव्या घालते. आज कुंपणावरून मला बघून बोलली, अगो बाय, विनेश बोलला बायको आणणार, तू तर वरातच आलीस. मी बोलली, आजी, सत्तावीस किलो कमी झाली हाय. ती बोलली, मग आधी काय बोटीनं आणावी लागली असती? मी एवढी हसली की आंबट पाणी नाकात आलं.

ऑपरेशनचं सांगितलं तर तिला पटेना. बोलली, चांगल्या पोटाला कात्री कोण लावून घेतो? मी सांगितलं, साखर वाढली होती, गुडघे गेले होते, दुसरं मूल राहत नव्हतं. आणि माणगावच्या बाजारात पोरं मागून ट्रकचा हॉर्न वाजवायची. ते मात्र सांगितलं न्हाय. फक्त इथं लिहिलं.

शिवानी आता बाराच्या ठोक्याला माझ्या ताटाशी येऊन बसते. स्वतःचं वेगळं वाढलं तर हात लावत न्हाय. तुझं दे, तुझं दे. हे बोलले, आईच्या हातात जादू हाय.

खाल्लं: भात तीन चमचे, माशाचं पाणी. संध्याकाळी दूध अर्धा कप.
जळजळ: चारदा. दात आंबलेत. आवाज बसलाय.

१५ नोव्हेंबर

दमायला होतं. कोणाला सांगितलं तर बोलतात, वजन तर उतरलं ना? उतरलं. पण सारखं कोणीतरी छातीच्या मधे विस्तव ठेवल्यासारखं. वाकायचं न्हाय, तर पोरीच्या वेण्या घालायच्या कशा, चूल-भांडी करायची कशी? गिळते आणि काम करते, परत गिळते.

भूक मात्र न्हाय. मला भूक लागतच न्हाय आता. मॅडम बोलल्या होत्या, भूक ज्या भागातून उठते तोच भाग कापलाय. ऑपरेशननंतर मी नर्सला विचारलं होतं की तो भाग कुठं ठेवला. ती हसली, बोलली ताई, लोणचं घालणार काय? गेला कचऱ्यात. तेव्हा मी पण हसली. पण मला वाटतं एवढी मोठी भूक होती माझी, लहानपणापासूनची. मिठागरावर दुपारी एक भाकरी चौघांत व्हायची तेव्हापासूनची. ती अशी कचऱ्यात कशी जाईल.

आज शिवानी अंगणवाडीतून आली आणि दारातच उभी राहून बोलली, आई, पोटात खड्डा पडलाय, बुजवायला दे. माझ्या हातातला टोप पडला. हे माझं बोलणं हाय. मी लहानपणी आयला असंच बोलायची, याच शब्दात. पोरीसमोर कधी बोलली न्हाय. तिनं ऐकलं कुठून?

खाल्लं: वरण चार चमचे. पपई दोन फोडी. तिनं माझं ताट खाल्लंन, मग स्वतःचं, मग ह्यांच्यासाठी झाकलेलं.
जळजळ: दिवसभर.

१९ नोव्हेंबर

सकाळी गोळी, मग नुसतं मुगाचं पाणी. अकराला कपडे वाळत घालत होती आणि घशात बोंबलाची चव आली. भाजलेला सुका बोंबील, वर कच्चा कांदा. ढेकर आली ती पण तीच. दाताच्या फटीत बारीक काटा. मी बोटानं काढला, पायरीवर ठेवला, बघत बसली. चार महिने मी सुका बोंबील खाल्ला न्हाय.

साडेअकराला गोदूआजी शिवानीचा हात धरून आली. बोलली, बाय, तुझी लेक माझ्याकडं सहा बोंबील खाऊन आली, भाजता भाजता माझा हात पोळला, उपाशी ठेवतेस की काय पोरीला?

वास आला असेल शेजारून. काटा जुना अडकला असेल. असं मनाला सांगितलं.

खाल्लं: मुगाचं पाणी. दुपारी दही. अजून काय न्हाय.

२२ नोव्हेंबर

आज मी पारखून बघितलं. हे शिवानीला घेऊन अलिबागला गेले, शेठचं सामान आणायचं होतं. मी घरीच. वही मांडीवर आणि भिंतीवरचं घड्याळ समोर. तोंडात पाणी सोडून काही न्हाय.

दहा वाजून वीस. बटाटावडा. लसणीची चटणी. घसा पेटला.
दहा पन्नास. केळं.
अकरा पाच. परत वडा. पाव पण.
अकरा चाळीस. गार, गोड, जांभळाचं काहीतरी. बर्फ. दात कळवळले.
बारा. कागद. कागदाची चव मला कशी कळली ते विचारू नका, शाळेत पाटी-पुस्तक चघळायची मी.

एक वाजता दोघं आले. मी ह्यांना काय विचारलं न्हाय, वही हातात दिली. ह्यांनी वाचली. मग खाली बसले. बोलले, वडा दोनदा घेतला, गोळा घेतला, बरोबर. केळं देवळासमोर एका बाईनं दिलं. आणि कागद? मी शिवानीला जवळ घेतली. ओठाच्या कडेला वड्याचा तेलकट कागद चिकटलेला.

हे थोड्या वेळानं बोलले, तुला शिवानीनं फोन केला असेल माझ्या मोबाईलवरून. केला नव्हता. त्यांना पण माहिती हाय केला नव्हता. पण माणूस काहीतरी बोलणारच ना.

२५ नोव्हेंबर

अंगणवाडीत वजन केलं. शिवानी जूनमध्ये माणगावला सोळा किलो होती. आज साडेतेरा. बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, घरी काही अडचण हाय का, नवरा पितो का. मी काय सांगू? पोर सकाळपासून सात भाकऱ्या खाते. पाठीचे मणके मोजता येतात. अंघोळ घालताना मी डोळे मिटते.

मग कॉटेजमध्ये पाव्हण्यांसाठी काचेचा काटा हाय, त्यावर मी उभी राहिली. अठ्ठ्याण्णव.

आली तेव्हा एक्याण्णव होती. चमच्यानं खाते मी. कुठून आलं सात किलो?

ती खाते, आणि ते माझ्याकडं येतं. आणि माझ्याकडं आलं की मावत न्हाय, म्हणून वर येतं.

वहीचे फोटो हेमाली मॅडमना पाठवले होते, त्यांचा फोन आला. चिडल्या न्हायत, पण आवाज उतरला होता. बोलल्या, किशोरीताई, चार चमचे खाऊन वजन वाढत नसतं. चोरून खात असाल तर तसं लिहा, मी ओरडणार न्हाय, अनेक जणी करतात. आणि हे पोरीचं वगैरे जे लिहिलंय, त्यासाठी दुसरे डॉक्टर असतात, मी नंबर देते. मी हो हो बोलली. ऐकून घ्यायची सवय हाय मला. जाड माणसाचं कोण खरं मानतो? आम्ही पाणी पिऊन जाड होतो असं सांगितलं तरी लोक कढईत बघतात.

२७ नोव्हेंबर

अलिबागला मुलांच्या डॉक्टरांकडं नेली. जंताचं औषध दिलं. रक्त तपासलं, सगळं बरोबर. बोलले, वाढीचं वय हाय, खाऊ द्या.

माझ्या ताटातलं तिला देणं बंद केलंय. ताट आत नेते, कडी लावते, तोंडात चमचा घालते, आणि बाहेर ती दाराला तोंड लावून बसते. रडत न्हाय. नुसती वास घेते. दाराखालून तिच्या श्वासाचा आवाज येतो.

बंद करून पण काय फरक न्हाय. जे जायचं ते गेलं.

खाल्लं: दोन चमचे वरण.
जळजळ: लिहायचं सोडून दिलं. थांबली तर लिहीन.

२९ नोव्हेंबर

घशात रेती. मग राख. मग कच्ची सुकट, ओली, मिठाची, कावळ्यानं टोचलेली.

धावत मागं गेली. शिवानी गोदूआजीच्या सुकटीत बसलेली, दोन्ही हातांनी तोंडात कोंबतेय. आजी काठी घेऊन उभी, पण मारत नव्हती. घाबरली होती. माझ्याकडं बघून हळूच बोलली, बाय, या पोरीला तू काय घातलंस?

मी सगळं सांगितलं. ताट, चमचा, पहिल्या दिवसापासून. आजीनं कपाळावर हात मारलान. बोलली, अगो येडे, पोराचं उष्टं आईनं खायचं असतं, म्हणून तर आया जाड होतात. आईचं उष्टं पोराला घालायचं नसतं. दुखणेकरी बाईचं तर न्हायच न्हाय. आणि तुझी तर भूक कापून बाहेर टाकलेली. भूक घर शोधत फिरते, बाय. तू तिला चमच्यानं घर दाखवलंस.

मी बोलली, मला कुठं माहिती, आयनं अन्न टाकायचं न्हाय एवढंच शिकवलं. आजी बोलली, तुझ्या आयचं पण खरंच हाय. आणि सांडलेली सुकट गोळा करायला लागली.

मग बोलली, आमच्यात दृष्ट काढतात, उतारा टाकतात. कापलेल्या पोटाचा उतारा मला कोणी शिकवला न्हाय. पण गेलं ज्या वाटेनं, त्याच वाटेनं येईल. तिचं उष्टं तू खा. पण तिनं आपल्या मनानं उरवायला पाहिजे, आपल्या हातानं ताट सारायला पाहिजे. ओढून घेतलंस तर ती चोरी, ते उष्टं न्हाय. आणि तिनं उरवलं की मागं काही ठेवायचं न्हाय.

एवढंच. सोपं वाटलं मला.

३० नोव्हेंबर

वाढलं. समोर बसली. ती सगळं खाते. ताट चाटते. ताटाची कड चाटते. मग माझ्याकडं बघते.

अजून वाढलं. सगळं.

अजून. सगळं.

मी बाहेर जाऊन तांब्याभर पाणी नुसतं ओकली. त्यात भाताची शितं होती. मी भात खाल्ला न्हाय.

१ डिसेंबर

गोड करून बघितलं, तिला गोड आवडत न्हाय. शिरा. खाल्लंन. कारल्याची भाजी केली, मीठ दुप्पट टाकलं. खाल्लंन, डोळ्यातून पाणी गळत होतं तरी खात होती. माझा घसा मिठानं फाटला. पोरीला छळते मी. आई हाय का कोण हाय.

ताट मधेच उचललं एकदा. तिनं माझ्या मनगटाला दात लावलेन. मग स्वतःच घाबरली, फुंकर घालत बसली.

हे आता घरात जेवत न्हायत. गाडीत जेवतात, चहा पण बाहेर. शिवानीला उचलतात आणि पटकन खाली ठेवतात. बोलतात वजनच लागत न्हाय हाताला.

२ डिसेंबर

मॅडमचा फोन. वहीचे फोटो मोठ्या डॉक्टरांना दाखवले. दुर्बीण घालून बघायचं. जळजळ एवढी असेल तर दुसरं ऑपरेशन. वाट बदलायची, पोट अजून बारीक करायचं. बोलल्या, घाबरू नका, यानं जळजळ जाते, खूप जणांची गेली.

अजून कापणार. मग ती कापलेली भूक कोणाकडं जाईल? घरात आता हेच राहिलेत.

बुधवारी या बोलल्या. मी हो बोलली.

३ डिसेंबर

शिवानी बारा किलो. मी एकशे तीन.

ती आता बोलत न्हाय फारसं. बोलायला तोंड रिकामं लागतं.

आज उशीची खोळ. उशीची खोळ खाल्लीन. माझ्या घशात दोरा आला. ओढला, येतच राहिला—

४ डिसेंबर

हे मांडव्याला गेले. संध्याकाळपर्यंत येणार न्हायत.

गोदूआजीनं मोठा टोप दिलान, कालवण दिलंन. दारात ठेवून गेली. आत आली न्हाय. बोलली, बाय, आज कर काय ते, पोरीचे डोळे खोल गेले.

दुपारी एक. दोन शेर भात. बारा भाकऱ्या. कालवण. वांगी. घरातलं सगळं शिजवलं. तिच्यासमोर ठेवलं. बोलली, शिवू, हे सगळं तुझं. कोणी घेणार न्हाय. तुला वाटलं तर ठेव, न्हाय वाटलं तर नको ठेवू.

ती खाते.

मला येतंय. प्रत्येक घास. तिनं गिळलं की माझ्या छातीत— जाळ. भिंत धरून बसली. ओरडायचं नव्हतं, ओरडली.

तोंडात रक्ताची चव. ही माझीच.

ती थांबली.

पहिल्यांदा ताटाकडं न्हाय, माझ्याकडं बघितलंन. घास हातात. बोलली, आई, तुला दुखतंय? मी मान हलवली, न्हाय. ती बोलली, खोटं. मग हातातला घास परत ताटात ठेवलान. ओठ थरथरत होते, लाळ गळत होती, पोरीला केवढी भूक, देवा. दोन्ही हातांनी ताट माझ्याकडं सारलंन. टोप पण. बोलली, मला नको. तू खा. तुझ्या पोटात खड्डा हाय ना.

मी काय सांगितलं नव्हतं तिला. काय सांगितलं नव्हतं.

दोन वाजले. वही बाजूला घेतली. मॅडम, आज सगळं लिहिते, खरं लिहिते.

खाल्लं: तिनं ठेवलेला घास.
भात एक वाटी. वाटीच्या वर जायचं न्हाय, माहिती हाय.
भात दुसरी वाटी.
पोट दगड. घशापर्यंत.
ती मोरीत गेली. पाणी प्यायली. ढेकर दिलीन. तिनं ढेकर दिलीन, साधी, पोराची. माझ्या घशात काय आलं न्हाय.
भाकरी. भाकरी. पाणी लावून.
ती चटईवर आडवी झाली. बोलली, आई, माझं पोट भरलं. चार आठवड्यांत पहिल्यांदा बोलली. झोपली लगेच.

रडू येतंय, पण रडायला जागा न्हाय आत.

कालवण. काटे पण. काही ठेवायचं न्हाय.
डावीकडं कळ. पाठीत जाते. शिलाई तिथंच हाय, चित्रात तिथंच होती.
भाकरी सहावी.

आली.

मॅडम, भूक आली. मी हिला ओळखते. मिठागरावरची. चार महिन्यांनी आली, जशी गेली तशीच, रागावलेली. हात थांबत न्हाय. जळजळ बंद झाली. एकदम बंद. मॅडम, जळजळ: न्हाय. लिहा तुमच्या कागदावर.

भाकरी सातवी. कळ येते, पण लांबून, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी.
वांगी. टोपाचं बूड खरवडलं.
काहीतरी उसवलं. ऐकू आलं. ओलं, गरम, आतल्या आत पसरतंय—
आठवी. नववी.

ताट झालं. टोप झाला. पळी चाटली. दमली मी. किती दिवसांची दमली हाय. ह्यांना फोन करायला पाहिजे. मोबाईल पलंगावर. उतारावर. पोचेन का?

भूक अजून तशीच.

शिवू गाढ झोपलीय. पोट वर-खाली होतंय. गाल लाल झालेत लगेच. हनुवटीला एक शीत चिकटलंय. ते पण तिचंच उष्टं. ते राहिलं तर परत—

जवळ सरकली. वाकली. वाकली तरी वर काय आलं न्हाय.

तिच्या तोंडाला भाताचा वास येतो. मानेला पण. गरम. गोड.

फक्त ते शीत घेते. फक्त शीत. देवा, मी फक्त